मंडालेला पाय ठेवू नका!

मे २०२५ मध्ये पुण्याने आठ दिवसांत जे करून दाखवले ते कोणी विसरू नये. तुर्कस्तान आणि अझरबैजान यांनी पाकिस्तानची उघड पाठराखण केली, तुर्की बनावटीची ड्रोन पाकिस्तानातून आपल्यावर सोडली गेली, आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फळांच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदाला हात लावणार नाही असे जाहीर केले. घराघरांतून सहल कंपन्यांना फोन गेले. इस्तंबूल नको, बाकू नको, भरलेली रक्कम बुडाली तरी चालेल! देशातील एका मोठ्या आरक्षण कंपनीने त्या एका आठवड्यात या दोन देशांची आरक्षणे साठ टक्क्यांनी घसरल्याचे सांगितले. बैसरणच्या कुरणावर २२ एप्रिलला ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या त्यांत पुण्याची माणसे होती. शहराचा संताप खरा होता, न्याय्य होता आणि तो कृतीत उतरला. ‘आम्ही आपले फिरायला जातो, आम्हाला राजकारणाशी काय करायचे आहे’ हे एरवी हमखास ऐकू येणारे वाक्य त्या आठवड्यात कोणाच्या ओठांवर आले नाही.

मग त्याआधी काय चालले होते? सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या सैन्याने नागोर्नो-काराबाखवर चढाई केली आणि आठवडाभरात एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे घरदार, देवळे आणि पूर्वजांच्या कबरी मागे टाकून डोंगरी रस्त्याने निघून गेली. शतकानुशतके नांदता असलेला मुलूख ओस पडला. त्याच वर्षाच्या अखेरीस बाकूतील ‘अब्झास मीडिया’च्या पत्रकारांना तुरुंगात टाकण्यात आले, सत्ताधाऱ्यांच्या भ्रष्टाचाराच्या बातम्या छापल्या हा त्यांचा खरा गुन्हा. आणि पुढच्याच वर्षी भारतातून अझरबैजानला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या दोन लाखांवर गेली! मार्च २०२५ मध्ये इस्तंबूलचे महापौर एक्रेम इमामोग्लू यांना पहाटे घरातून उचलले. राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांना मतपेटीतून हरवू शकेल असा हा माणूस. लाखो तुर्क रस्त्यावर उतरले, शेकडोंनी पकडले गेले. त्यापायी पुण्यातून एका तरी सहलीचे तिकीट रद्द झाले असेल तर ते आमच्या कानांवर आलेले नाही.

म्हणजे हे दोन देश जुलमी केव्हा ठरले, तर तुर्की ड्रोन आपल्या अंगावर आली तेव्हा. तोच जुलूम इस्तंबूलच्या महापौराच्या, बाकूच्या पत्रकाराच्या आणि काराबाखमधल्या म्हातारीच्या वाट्याला आला तेव्हा तो आपल्या लेखी जुलूम नव्हता. तेव्हा तो त्यांचा ‘अंतर्गत प्रश्न’ होता, आणि आपल्यासाठी तिथे पाच दिवस-चार रात्री होत्या, नाश्त्यासह. जिला स्वतःच्याच जखमा दिसतात तिला आम्ही न्यायबुद्धी म्हणणार नाही. तो निव्वळ दुखावलेला मान आहे. मान राखावा, अवश्य राखावा. पण मानावर थांबलेल्या शहराने आपल्या इतिहासाच्या बढाया मारू नयेत.

कारण बहिष्काराचे हत्यार या शहराला कोणी शिकवावे लागत नाही. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ च्या ऑक्टोबरात, पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. तिच्यात पुढाकार घेतला म्हणून फर्ग्युसन कॉलेजच्या विनायक दामोदर सावरकर नावाच्या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहाबाहेर काढण्यात आले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांनी गावोगाव पोचवली. मँचेस्टरचा गिरणी कामगार आपल्यावर राज्य करीत नव्हता. तोही गरीबच होता, त्याचीही चूल आपल्या धोतरजोडीवर पेटत होती. तरी टिळकांनी ते धोतर नाकारले, कारण त्याच्या किमतीतला एक हिस्सा आपल्याच पायांतील बेडी घडवायला खर्च होत होता. परदेशात गेल्यावर आपले पैसे ‘गरीब गाइडला’ मिळतात असे सांगणाऱ्यांनी आधी या धोतराचे उत्तर द्यावे.

आता मंडाले.

मराठी माणसाला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांसाठी २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांना मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात नेऊन ठेवले. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. सत्यभामाबाई जून १९१२ मध्ये पुण्यात वारल्या ती बातमी त्यांना तिथेच कळली. जून १९१४ च्या एका मध्यरात्री सरकारने त्यांना गुपचूप गायकवाड वाड्याच्या दाराशी आणून सोडले. त्या किल्ल्याची दुसरी कथा रत्नागिरीकरांना विचारावी. तो किल्ला म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची राजधानी. १८८५ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि राजाला समुद्रापार आणून रत्नागिरीत कोंडले. १९१६ मध्ये तो तिथेच मेला. म्हणजे टिळक मंडालेत होते त्या सहाही वर्षी मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी कैदेत होता. एकाच साम्राज्याने दोन माणसे उचलली आणि एकमेकांच्या गावी नेऊन डांबली. ब्रह्मदेश आणि कोकण यांच्यामध्ये हे असे नाते आहे. तेव्हा ‘तिथल्या लोकांचे आपल्याला काय’ हा प्रश्न निदान महाराष्ट्रात तरी कोणी विचारू नये.

ज्या मंडालेला टिळकांच्या नावाने हात जोडावे असे पुणेकराला वाटते, ते मंडाले आज कोणाच्या हातात आहे? १ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे सेनापती मिन आँग लाइंग याने निवडून आलेले सरकार मोडले आणि आँग सान सू ची यांना कैद केले. मंडालेच्या रस्त्यांवर हजारो माणसे उतरली. ३ मार्चला त्या निदर्शनांत क्याल सिन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात गोळी लागली. सगळे ठीक होईल, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे तिच्या अंगातल्या टी-शर्टवर होती. दुसऱ्या दिवशी हजारोंनी तिला निरोप दिला, आणि त्यानंतर सरकारी माणसांनी तिची कबर उकरली! त्याच महिन्यात याच शहरात सैनिक एका घरात शिरले आणि सात वर्षांची मुलगी घरातच गोळीने मेली. जुलै २०२२ मध्ये फ्यो झेया थॉ हा माजी खासदार आणि को जिमी हा १९८८ च्या लढ्यातला जुना कार्यकर्ता यांच्यासह चौघांना फाशी दिले. घरच्यांना प्रेतेसुद्धा मिळाली नाहीत. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संघटनेच्या हिशेबाने बंडानंतर सैन्याने मारलेल्यांचा आकडा सहा हजारांच्या वर आहे. बेघर झालेले तीस लाखांहून अधिक. मंडालेच्या ओबो तुरुंगात आजही ‘राजद्रोही’ आहेत. त्यांतल्या कित्येकांचा गुन्हा टिळकांच्या गुन्ह्याहून तिळभर वेगळा नाही: त्यांनी लिहिले, बोलले, सरकारचे चुकते आहे असे सांगितले.

आणि त्या किल्ल्याचे दार तुमच्यासाठी कसे उघडले, तेही ऐका. मूळचा राजवाडा दुसऱ्या महायुद्धात जळाला. लष्करी सरकारने तो १९८९ नंतर पुन्हा उभा करायला घेतला आणि १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून जगाला आमंत्रणे धाडली. त्या तयारीसाठी किल्ल्याभोवतीचा खंदक साफ करायचा होता. तो मजुरी देऊन साफ केला नाही. मंडालेच्या घराघरातून माणूस बोलावून, वेठीला धरून, तुरुंगातल्या कैद्यांनाही चिखलात उतरवून तो उपसला. छायाचित्रांत आज जो स्वच्छ, निळा, सुंदर खंदक दिसतो त्याचा तळ वेठबिगाराच्या हातांनी खरवडला आहे. किल्ल्याच्या आत आजही लष्कराची छावणी आहे. परदेशी पाहुण्याने पूर्वेच्या दाराने शिरायचे, सांगितलेल्या रस्त्याने राजवाड्यापर्यंत जायचे, त्याच रस्त्याने परत यायचे. डावी-उजवी वाट बंद. टिळकांचे स्मरण करायला गेलेल्या माणसाने तिकिटाचे पैसे भरायचे ते टिळकांच्या तुरुंगाधिकाऱ्यांच्या आजच्या वारसांकडे, आणि सैनिक दाखवेल तेवढेच पाहून नमस्कार करायचा. याला आम्ही तीर्थयात्रा म्हणू शकत नाही. हा लोकमान्यांचा अपमान आहे, आणि तो त्यांच्याच नावाने, त्यांच्याच शहरातल्या माणसांकडून होतो म्हणून अधिक घोर आहे.

पैसा कुठे जातो, हे पाहायला अर्थशास्त्री असावे लागत नाही. बंडानंतर परकीय चलनाचा तुटवडा झाला, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये हुकूम निघाला की बँकेत आलेले परकीय चलन ताबडतोब सरकारी दराने क्यात या तिथल्या चलनात बदलावे. सरकारी दर पुढे डॉलरला २,१०० क्यात ठरला. बाजारात त्याच डॉलरला चार हजारांहून अधिक क्यात मिळू लागले. मधला फरक कोणाच्या खिशात गेला? त्या हुकमाच्या पुढच्याच महिन्यात पर्यटकांचे ई-व्हिसे पुन्हा सुरू झाले. हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही. बँका, बिअर, सिगारेट, बंदरे, माणकांच्या खाणी या सगळ्यांत लष्कराच्या दोन अजस्र कंपन्यांचे हात गुंतलेले आहेत. नागरी विमानांच्या नावाने आयात झालेले इंधन हवाई दलाकडे वळते, हे ॲम्नेस्टीने २०२२ मध्ये कागदपत्रांसह दाखवून दिले. त्या इंधनावर उडालेल्या विमानांनी काय केले? ११ एप्रिल २०२३ रोजी सगाइंग प्रांतातील पाझीजी गावात कार्यालयाच्या उद्घाटनाला लोक जमले होते. वरून बाँब पडले, मग हेलिकॉप्टरमधून गोळ्या आल्या. दीडशेहून अधिक माणसे मेली, त्यांत मुले होती. सगाइंग म्हणजे मंडालेच्या समोरचा, इरावतीच्या पलीकडचा काठ. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत तो ‘टेकड्यांवरचे पॅगोडे’ म्हणून छापलेला असतो.

२८ मार्च २०२५ ला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि मंडाले-सगाइंग कोसळले. माणसे ढिगाऱ्याखाली असताना सैन्याची विमाने बाँब टाकत राहिली. संयुक्त राष्ट्रांनी त्याचा निषेध केला. परदेशी पत्रकारांना मात्र येऊ दिले नाही. लष्कराच्या प्रवक्त्याने कारण दिले की राहायला जागा नाही, वीज नाही, पाणी नाही. पत्रकाराला जागा नाही आणि पर्यटकाला पायघड्या, ही ज्या राजवटीची रीत असते तिला जगाकडून नेमके काय हवे असते ते आणखी कोणी समजावून सांगावे? तिला तुमचे डॉलर हवे असतात, आणि त्याहून अधिक तुमचे हसरे फोटो हवे असतात. सोनेरी पॅगोड्यासमोर उभे राहिलेले निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या मिसेस, ‘लोक किती शांत, किती स्वच्छ, किती हसतमुख’ अशा ओळींसह. सू ची यांचा पक्ष २०२३ मध्ये बरखास्त करून, विरोधकांना तुरुंगात ठेवून, डिसेंबर २०२५ मध्ये जी निवडणूक सुरू केली तिच्यावर शिक्का मारायला जगातले प्रामाणिक निरीक्षक तयार नव्हते. असा शिक्का फुकटात मारून देणारा माणूस म्हणजे आनंदी पर्यटक.

तिथले लोक स्वतः काय करीत आहेत, ते पाहिले की या शहराला लाज वाटली पाहिजे. बंडानंतर काही दिवसांतच डॉक्टरांनी सरकारी इस्पितळे सोडली, शिक्षकांनी शाळा सोडल्या, रेल्वे कामगारांनी गाड्या सोडल्या. घरे गेली, पगार गेले, तरी परतले नाहीत. लोकांनी विजेची बिले भरणे बंद केले. लष्कराची बिअर पिणे सोडले, आणि जपानी भागीदारही शेवटी तो धंदा विकून बाहेर पडला. सरकारी लॉटरी घेणे सोडले. नव्या वर्षाचा थिंजान, ज्यात अख्खा देश एकमेकांवर पाणी उडवतो, तो सण त्यांनी २०२१ आणि २०२२ मध्ये घरात बसून काढला. सरकारने मांडव घातले. ते रिकामे राहिले. हीच ती पुण्यातली १९०५ ची चतुःसूत्री, आज मंडालेत जिवंत आहे! ज्यांनी टिळकांचे नावही ऐकले नसेल ती मुले टिळकांच्या मार्गाने चालली आहेत. आणि टिळकांच्या गावचा माणूस त्यांनी टाकून दिलेल्या बाटलीतून पिणार, त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या मांडवात जाऊन बसणार, आणि परत येऊन ‘गर्दी नव्हती, छान झाली ट्रिप’ असे सांगणार?

‘पर्यटक गेले की देश उघडतो, हुकूमशाही विरघळते’ हा युक्तिवाद सुशिक्षित वर्गात फार लाडका आहे. ब्रह्मदेशात त्याची पुरती परीक्षा होऊन गेलेली आहे. १९९० च्या दशकात सू ची आणि त्यांच्या पक्षाने जगाला स्पष्ट सांगितले होते की आत्ता येऊ नका. २०१० नंतर त्यांनी तो आग्रह सैल केला. मग लाखो लोक गेले, बागानच्या देवळांवर फुगे उडाले, हॉटेले उभी राहिली. विरघळले का सेनापती? २०१७ मध्ये त्याच सैन्याने सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना गावे जाळून हाकलले, आणि बागानचे फुगे उडत राहिले. इथे आम्हाला सू चींनाही सोडता येत नाही: डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात त्याच सैन्याची बाजू मांडायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. त्या कैदेत आहेत म्हणून ते पुसले जात नाही. ज्या सैन्याची त्यांनी वकिली केली त्याने चौदा महिन्यांत त्यांनाच कोठडीत टाकले. एवढ्या पर्यटकांनी, एवढ्या डॉलरांनी, एवढ्या ‘देवाणघेवाणी’ने एका बंदुकीची नळीसुद्धा खाली झुकली नाही.

मग नियम काय? जिथे जुलूम आहे तिथे कधीच जायचे नाही, असे आम्ही म्हणत नाही. तसे ठरवले तर नकाशावर फार थोडी ठिकाणे उरतील. आमचे म्हणणे असे की ज्याच्या मानेवर टाच आहे त्याला विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या जनतेने सांगितले की आमच्या गोऱ्या मालकांशी व्यवहार तोडा. भारताने १९४६ मध्येच व्यापार तोडला. पुढे आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका वगळून, असे छापलेले असे. १९७४ मध्ये भारताचा संघ डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. समोर दक्षिण आफ्रिका आली, आणि कप हातात येण्याची संधी असताना भारताने सामना सोडून दिला. अमृतराज बंधूंची उमेद त्यात गेली. ती किंमत देशाने मोजली, कारण सोवेटोतल्या माणसाने ती मागितली होती. आज त्या पासपोर्टची आठवण काढणाराही कोणी उरलेला नाही.

तिबेटचे उत्तर वेगळे आहे, म्हणून आमचा निवाडाही वेगळा. दलाई लामा अनेक वर्षे सांगत आले आहेत की तिबेटला जा, डोळ्यांनी पाहा आणि बाहेर येऊन जगाला सांगा. तेव्हा जून २०२५ मध्ये पाच वर्षांच्या खंडानंतर सुरू झालेल्या कैलास-मानसरोवर यात्रेला जाणाऱ्या भाविकाला आम्ही अडवणार नाही. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पाळायला कोणी तयार आहे का? मानसरोवराला जाऊन आलेले आपल्याकडे सत्काराला उभे राहतात. प्राणवायूची नळी, घोड्याचे भाडे, थंडीचे अंश, सगळे सांगतात. ज्या मठात दलाई लामांचा फोटो ठेवणे गुन्हा आहे त्याबद्दल एक शब्द नाही. सुमारे दहा लाख तिबेटी मुले आईबापांपासून तोडून सरकारी निवासी शाळांत घातल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये सांगितले, त्याबद्दल एक शब्द नाही. दर हिवाळ्यात पुण्यात स्वेटर विकायला येणारे तिबेटी तुम्ही पाहता, भाव पाडून घेता. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. तिथे जन्मलेल्या दोन पिढ्यांनी कैलास चित्रातच पाहिला. तुम्ही पाहून आलात. बोला! त्यांच्यासमोर उभे राहून बोला. बोलायचे नसेल तर त्या परिक्रमेचे पुण्य कोणत्या खात्यात जमा झाले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

‘आपल्याकडे तरी सगळे कुठे धड आहे’ असे म्हणणारेही भेटतात. नाही, धड नाही, आणि घरातल्या अन्यायावर आम्ही याच जागेवरून लिहितो. १९७५ ते ७७ या काळात येरवड्याच्या तुरुंगात संघाचे बाळासाहेब देवरस होते, समाजवादी होते. बाहेर वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. त्या दिवसांत गाड्या वेळेवर धावतात म्हणून आणीबाणीची तारीफ करणारे इथे कमी नव्हते. येरवड्याच्या भिंतीआड बसलेल्या माणसाला ती तारीफ कशी लागली असेल, ते या शहराला ठाऊक आहे. त्याआधीची गोव्याची गोष्टही तशीच. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्यात शिरले. नानासाहेबांना मार खावा लागला आणि पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. १५ ऑगस्टला निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक मेले. भारताने गोव्याची सीमा बंद केली. त्या दिवसांत कोणी परदेशी माणूस कळंगुटच्या वाळूत पडून पोर्तुगीज वाइनचे गोडवे गात परतला असता, तर पुण्याच्या गोवा विमोचन सहायक समितीने त्याला काय म्हटले असते? तेच आज मंडालेची मुले तुम्हाला म्हणत आहेत.

आणि ‘सरकारच जर त्या सेनापतींशी व्यवहार करते तर आम्ही का नको’ असे कोणी म्हणेल, तर सरकारची लाज वेगळी आहे, ती आम्ही झाकणार नाही. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी २०२३ च्या अहवालात बंडानंतर ब्रह्मदेशच्या सैन्याकडे गेलेल्या शस्त्रसामग्रीचा हिशेब मांडला. त्यात रशिया, चीन, सिंगापूर यांच्याखाली भारताच्या नावावर ५ कोटी १० लाख डॉलर आहेत, आणि पुरवठादारांत सरकारी कंपन्याही आहेत. दिल्लीला ईशान्येची सीमा सांभाळायची आहे, चीनची भीती आहे, हे सगळे आम्ही ऐकलेले आहे. ज्या सीमेची काळजी सांगितली जाते तिच्यावरच्या मिझोरामने मात्र २०२१ मध्ये निर्वासितांना रोखा हा केंद्राचा आदेश मानला नाही. त्या छोट्या, गरीब राज्याने ब्रह्मदेशातून पळून आलेल्या तीस हजारांहून अधिक चिन जमातीच्या निर्वासितांना चंफाई, झोखावथार अशा गावांत आपल्या घरांत, चर्चमध्ये, शाळांत जागा दिली. मिझोराम गरीब आहे आणि पुणे श्रीमंत आहे. पुण्याची श्रीमंती परदेश सहलींच्या मेळाव्यांत ओसंडून वाहते.

तेव्हा पुण्यातल्या सहल कंपन्यांच्या मालकांना आमचे थेट सांगणे आहे. तुर्कस्तान तुम्ही आठ दिवसांत काढून टाकलात, म्हणजे ते जमते. ब्रह्मदेशही काढा. ‘लोकमान्यांच्या पाऊलखुणांवर’ अशा जातीच्या एकाही जाहिरातीत टिळकांचे नाव विकू नका. जिथे जिथे नेता तिथल्या कार्यक्रमपत्रिकेत, कोणत्या हॉटेलाचा मालक कोण आणि कोणती विमान कंपनी कोणाची, हे छापा. ग्राहकाला पनीर कोणत्या दिवशी मिळणार ते तुम्ही आधी कळवता. त्याचा पैसा कोणत्या सेनापतीकडे जाणार तेही कळवा. आणि ज्या वाचकाला मंडालेला जायचेच होते त्याने नारायण पेठेत केसरी वाड्यात, म्हणजे त्याच गायकवाड वाड्यात, जावे. दार उघडे आहे, आत सैनिक नाही. तिकिटासाठी बाजूला ठेवलेले लाख-दीड लाख रुपये ऐजॉलमार्गे झोखावथारला पाठवावेत. तिथे ब्रह्मदेशातून पळून आलेले शिक्षक बांबूच्या शेडमध्ये शाळा चालवतात. त्यांना वह्या, पत्रे आणि औषधे लागतात, आणि पुढचा पावसाळा जवळ आला आहे.